अनोळखी नावांनाही यादीत जागा द्या : ग्रंथनिवड समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
ग्रंथनिवड समिती, तालुका वाचनालय, गोवा.

विषय : शीर्षकात व्यक्तीचे किंवा स्थळाचे नाव असलेल्या पुस्तकांची यादी आणि तिच्यासोबत घातलेली अट.

महोदय,

सविनय नमस्कार.

शीर्षकात व्यक्तीचे किंवा स्थळाचे नाव असलेली पुस्तके तालुक्यातील आठवी ते दहावीच्या मुलांनी यंदा वाचावीत आणि त्यांचा परिचय लिहून वाचनालयाकडे द्यावा, हा उपक्रम आपल्या समितीने जाहीर केला, तेव्हा मी त्याचे मनापासून स्वागत केले होते. मुलांना 'काहीतरी चांगले वाचा' असे सांगितले की ती कपाटासमोर नुसती उभी राहतात. 'एखाद्या गावाचे नाव असलेले पुस्तक शोधा' असे सांगितले की लगेच कामाला लागतात. म्हणून उपक्रमाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यानंतर सूचनाफलकावर लागलेल्या यादीला आणि तिच्या तळाशी छापलेल्या अटीला. शीर्षकातील नाव सर्वपरिचित व्यक्तीचे अथवा प्रसिद्ध स्थळाचे असावे आणि यादीबाहेरच्या पुस्तकाचा परिचय स्पर्धेसाठी धरला जाणार नाही, असे त्या अटीत म्हटले आहे. याबाबत मी लेखी अर्ज दिला होता. यादी अंतिम असून ती आता बदलता येणार नाही, एवढेच तोंडी उत्तर मिळाले. हा प्रश्न माझ्या एकटीचा नसून तालुक्यातील प्रत्येक वाचत्या मुलाचा आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि लहानपणापासून याच वाचनालयाची सभासद आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठी वाचतात. देवळातले भजन, जत्रेतले नाटक आणि सकाळचे वर्तमानपत्र यांतून मराठी त्यांच्या कानावर आणि डोळ्यांखाली येत असली, तरी मराठी पुस्तक स्वतः निवडून हातात घेण्याची जागा त्यांच्यासाठी हे वाचनालय हीच आहे. मराठी पुस्तकांचे दुकान गाठायचे तर पणजीला किंवा मडगावला जावे लागते, आणि पुस्तक विकत घेणे प्रत्येक घराला परवडत नाही. त्यामुळे आपण काढलेली यादी मुलांसाठी केवळ सूचना राहत नाही. जे यादीत नाही ते या वर्षी त्यांच्या वाचनात येणार नाही, असा तिचा प्रत्यक्ष परिणाम होतो.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप 'सर्वपरिचित' या निकषाला आहे. कथा-कादंबरीच्या शीर्षकात नाव येते ते पुष्कळदा अशा माणसाचे, ज्याला त्या पुस्तकाआधी कोणीही ओळखत नव्हते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्या शीर्षकातील यमुना ही कोणी राणी नव्हे की संत नव्हे. एका सामान्य स्त्रीचे नाव पुस्तकाला देऊन विधवांची स्थिती लोकांसमोर मांडावी, असे लेखकाला वाटले, आणि तिथून आपल्या भाषेत कादंबरी सुरू झाली. पुढे वामन मल्हार जोशींनी 'इंदु काळे व सरला भोळे' हे शीर्षक योजले, तेव्हा शेजारच्या आळीत राहणाऱ्या दोघी मुलींची वाटावीत अशी नावे, तीही आडनावांसकट, मुखपृष्ठावर आली. आपल्या अटीप्रमाणे या दोन्ही स्त्रियांना प्रवेश नाही, कारण त्या इतिहासात होऊन गेलेल्या नाहीत.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' या १९५२ च्या कादंबरीचे उदाहरण तर माझ्या डोळ्यांदेखत घडले. माझ्या वर्गातल्या एका मुलाने कपाटातून ती काढली. जुनी प्रत, पुठ्ठ्याची बांधणी, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीने पडलेले. म्हणजे आजवर अनेकांनी ती घरी नेलेली. मुलाने उभ्याउभ्याच पहिली दोन पाने वाचली आणि पुस्तक नोंदवायला टेबलापाशी नेले. 'हें यादींत ना, दुसरें घे,' असे त्याला सांगण्यात आले. तो मुलगा कुळागरात वाढलेला आहे. सुपारीची पाडणी, वाळवणी आणि बाजारभाव हे त्याच्या घरातले रोजचे बोलणे आहे. सुपारीच्या बागांमधून वाढलेला, गावाने हिणवलेला, अण्णा खोतासारख्या माणसापुढे मान न झुकवणारा बापू त्याला जितका कळेल तितका शहरातल्या मुलाला क्वचितच कळेल. एका पुस्तकाचा याहून योग्य वाचक मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या हातून ते काढून घेण्याचे कारण काय, तर बापू प्रसिद्ध नाही. टेबलावरच्या कर्मचाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी आपण घातलेल्या अटीचे पालन केले.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दोन नियम असे आहेत की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. आपल्या अटीने त्या टेबलापाशी हे दोन्ही नियम एकाच वेळी मोडले, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

मुलांना थोरामोठ्यांची ओळख व्हावी म्हणून ही अट घातली, असे मला सांगण्यात आले. त्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु थोरांची चरित्रे मुलांना पाठ्यपुस्तकांत भेटतात, जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून भेटतात, भिंतीवरच्या तसबिरींतून भेटतात. ज्यांचे नाव कुठेही कोरलेले नाही अशा माणसाच्या आयुष्यावर एक संपूर्ण पुस्तक उभे राहू शकते, हे मुलांना साहित्याशिवाय दुसरे कोण सांगणार? माझ्या वर्गातील मुले ट्रकचालकांची, मच्छीमारांची, काजूच्या बागायतीत राबणाऱ्यांची, खाणी बंद पडल्यावर घरी बसलेल्यांची मुले आहेत. मुखपृष्ठावर येण्याच्या योग्यतेची नावे फक्त राजांची आणि पुढाऱ्यांची असतात, असा समज वाचनालयाच्या यादीमुळे त्यांच्या मनात रुजावा, हे मला सहन होत नाही.

हीच गोष्ट स्थळांच्या नावांची. यादीत किल्ले आहेत, रणभूमी आहेत, तीर्थक्षेत्रे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' मात्र नाही. माणदेशातील धनगरांची ती वाडी, तिथे नव्याने रुजू झालेला तरुण शिक्षक, लोकांनी अंगमेहनतीने उभारलेली तालीम आणि मग दुष्काळाने एकेक करून रिकामी होत जाणारी घरे, एवढीच त्या पुस्तकाची सामग्री आहे. पावसात चार महिने भिजणाऱ्या आमच्या मुलांना पाण्यावाचून वाडी कशी उठते हे त्या पानांत कळते. पेंडशांचीच 'तुंबाडचे खोत' ही १९८७ साली आलेली दोन खंडांची कादंबरी जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या चार पिढ्या सांगते; शीर्षकात गाव आहे, आणि त्या गावाशी बांधलेले माणसांचे नातेही आहे. दहावीच्या मुलांना ती मोठी वाटेल हे खरे, पण वाचणारी मुले असतात आणि त्यांना अडवू नये. शिवाय प्रसिद्ध स्थळच हवे असा आग्रह धरला, तर आर. के. नारायण यांच्या मालगुडीचे काय करणार? ते गाव कोणत्याही नकाशावर नाही, तरी देशभरच्या वाचकांना तिथले स्टेशन ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप असा की यादीतील कित्येक पुस्तके केवळ शीर्षक वाचून निवडली गेली आहेत. ती उघडून पाहिलेली नाहीत. मी वर ज्या 'यमुनापर्यटन'चा उल्लेख केला ती यादीत आहे, पण प्रवासवर्णनांच्या गटात. यमुना नदीकाठचा प्रवास असा तिचा अर्थ घेतलेला दिसतो. 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे त्या पुस्तकाचे पुढचे शीर्षकच आहे. मुखपृष्ठ उलटून पाहिले असते तरी चूक टळली असती. पु. शि. रेगे यांची १९६२ सालची 'सावित्री' पौराणिक व्यक्तींच्या गटात घातली आहे. वटसावित्रीच्या कथेशी तिचा संबंध नाही. ती एका तरुणीने लिहिलेल्या पत्रांमधून उलगडणारी आधुनिक कादंबरी आहे. ज्या मुलीने पुराणकथा समजून ती घरी नेली, ती तीन पाने वाचून गोंधळून परत आली.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते 'दूधसागर'चे. बा. भ. बोरकरांचा हा कवितासंग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. गोव्यात जन्मलेल्या, गोव्याच्या मातीवर आणि पाण्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या कवीच्या संग्रहाला आपल्या यादीने प्रसिद्ध स्थळांच्या गटात, पर्यटनाच्या माहितीपुस्तिकांच्या शेजारी बसवले आहे. हे महाराष्ट्रातल्या एखाद्या दूरच्या वाचनालयात घडले असते तर अनवधान म्हणून सोडून दिले असते. गोव्याच्या वाचनालयात ते घडू नये. आणि खरे सांगायचे तर ही चूक होण्याचे कारणच नव्हते, कारण वाचनालयाच्या स्वतःच्या वर्गीकरणात ही पुस्तके बरोबर जागी आहेत. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी कविता ८९१.४६१ आणि मराठी कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली येते. भूगोल आणि प्रवासाचा क्रमांक ९१० पासून आणि चरित्राचा ९२० आहे. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेले लेबल पाहून यादी केली असती, तर कविता धबधब्यांत आणि कादंबरी प्रवासात गेली नसती.

शीर्षकातील नाव आणि पुस्तकाचा विषय एकच असेल, हे गृहीतच धरता येत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'च्या शीर्षकात नाव श्यामचे आहे आणि पुस्तक आईचे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये नाव एका वास्तूचे आहे आणि पुस्तक तिच्यात राहणाऱ्या सगळ्यांचे आहे. नाव कोणाचे, ते कोण घेते आहे, आणि लेखकाने इतर सगळ्यांना सोडून हेच नाव वर का ठेवले, हे तीन प्रश्न मुलांना विचारायला शिकवले, तर आपल्या उपक्रमाचे चीज होईल. मी वर्गात हेच करते. पुस्तक हातात आल्यावर आधी पहिली दोन पाने आणि आतले शीर्षकपान वाचायचे, मग नाव माणसाचे आहे की घराण्याचे, गावाचे की नदीचे, खरे की कल्पित, याचा अंदाज वहीत लिहायचा, आणि पुस्तक संपल्यावर तो अंदाज तपासायचा. यासाठी नाव आधीपासून माहीत असून चालत नाही. ते अनोळखीच असावे लागते.

तिसरी गोष्ट गोव्याची स्वतःची. शीर्षकात नाव असलेली पुस्तके निवडायची आणि त्यांत दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' नसावी, याचे मला आश्चर्य वाटते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या कोंकणी कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिच्या लेखकाला पुढे ज्ञानपीठ. मुलीला मागे ठेवून घरकामासाठी कुवेतला जाणाऱ्या एका गोमंतकीय बाईची ती कहाणी आहे, आणि अशा आया असलेली मुले आमच्या शाळांत आजही आहेत. त्यातील काही भाग शालेय वयाला झेपणार नाही असे समितीला वाटत असेल, तर तसे वयाचे कारण लिहावे. त्यावर चर्चा होऊ शकते आणि मी त्या चर्चेत मोकळ्या मनाने भाग घेईन. मग त्यांचीच 'सुनामी सायमन' घ्यावी, तिच्याही शीर्षकात एका मुलाचे नाव आहे. परंतु यादी मराठीची आहे म्हणून कोंकणी नको, हे कारण देवनागरीतील दोन्ही भाषा सहज वाचणाऱ्या मुलांना सांगताना मला संकोच वाटतो. मराठी माझ्या जिवाची भाषा आहे. कोंकणी पुस्तकाला कपाटाबाहेर ठेवून तिचे काही भले होईल, असे मला वाटत नाही.

पोर्तुगीज भाषेतील गोमंतकीय साहित्याचाही मुलांना पत्ता असावा. 'जाकोब ए दुल्स' ही फ्रान्सिश्कु जुआंव द कोश्त यांची कादंबरी १८९६ ची. शीर्षकात दोन नावे, आणि लक्ष्य मडगावच्या तत्कालीन प्रतिष्ठित समाजातील खोटा डौल. मुले ती मुळातून वाचणार नाहीत. तिच्याविषयी एक पानभर माहिती फलकावर लावली, तरी आपल्या गावांमधल्या माणसांची नावे सव्वाशे वर्षांपूर्वीही पुस्तकांवर होती, एवढे त्यांना कळेल.

चौथी अडचण लहान दिसते, पण रोजची आहे. वाचनालयाच्या संगणकावरील सूचीत बहुसंख्य मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत भरलेली आहेत. नावांचे स्पेलिंग प्रत्येक नोंदीत वेगळे. ज्या राज्यात डिचोली, साखळी, पेडणे आणि काणकोण ही नावे पाटीवर एक आणि रोमन कागदावर दुसरीच दिसतात, तिथे मुलाने ऐकलेल्या नावावरून रोमन अक्षरे कशी ओळखावीत? माझ्यासमोर एका मुलीने 'बनगरवाडी' देवनागरीत टाइप केले; सूचीने असे पुस्तक नाही असे दाखवले. पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर होते. नावावरून पुस्तक शोधा असे सांगणाऱ्या उपक्रमात नावाने पुस्तक सापडत नसेल, तर तो उपक्रम मुलांना कसा पुरा करता येईल?

आता माझ्या मागण्या. 'सर्वपरिचित व्यक्ती' आणि 'प्रसिद्ध स्थळ' ही अट मागे घ्यावी आणि तसे फलकावर लेखी लावावे. शीर्षकात कोणत्याही व्यक्तीचे वा स्थळाचे, खरे वा कल्पित, नाव असलेले आणि वयाला योग्य असे कोणतेही पुस्तक स्पर्धेसाठी ग्राह्य धरावे; योग्यतेविषयी शंका असेल तिथे शाळेतील भाषाशिक्षकांच्या सहीची अट हवी तर घालावी. चुकीच्या गटांत गेलेली पुस्तके आपल्याच वर्गीकरण क्रमांकांप्रमाणे बरोबर गटांत लावावीत आणि कादंबरी, कथा, कविता, नाटक असे गट यादीत स्पष्ट दाखवावेत. गोमंतकीय लेखकांची मराठी आणि कोंकणी पुस्तके स्वतंत्र गट म्हणून समाविष्ट करावीत. स्त्रियांची नावे असलेली पुस्तके आज यादीत शोधावी लागतात. ती संख्या वाढवावी, आणि त्यासाठी राण्यांपलीकडे पाहावे. निदान या उपक्रमातील पुस्तकांच्या तरी संगणकीय नोंदी देवनागरीत कराव्यात. ते काम करायला माणसे कमी पडत असतील तर मी आणि माझ्या काही सहकारी शिक्षिका शनिवारी दुपारी येऊन ते विनामूल्य करू. तसे पत्र अर्जासोबत जोडलेच आहे. पुढच्या वर्षीची यादी निश्चित करण्यापूर्वी तिचा मसुदा निदान पंधरा दिवस सभासदांसाठी खुला ठेवावा.

यांतील एकाही मागणीसाठी नवा खर्च लागत नाही. मी ज्या मराठी पुस्तकांचा आग्रह धरला आहे, ती सगळी आपल्याच कपाटांत आहेत. पुस्तके विकत घेण्याचा प्रश्न पुढे येईल तेव्हा येईल. आज मागणे एवढेच आहे की जी आहेत ती मुलांना नेऊ द्यावीत.

चतुर्थीच्या सुट्टीत शाळा बंद असतात आणि मुलांच्या हाती सलग वेळ असतो. वर्षातले बरेचसे अवांतर वाचन याच दिवसांत होते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. म्हणून अटीबाबतचा निर्णय आणि दुरुस्त यादी सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारपर्यंत फलकावर लागावी, अशी विनंती आहे. समितीने मला बोलावल्यास मी मुलांच्या वह्या आणि माझ्याकडील पुस्तकांच्या नोंदी घेऊन कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर हजर राहीन. 'गारंबीचा बापू' तोवर त्या मुलाच्या नावावर राखून ठेवावे, असे मी टेबलावर लेखी दिले आहे.

आपली विश्वासू,
वाचनालयाची एक सभासद आणि मराठीची शिक्षिका